काशीचे घाट नावेतून : वाचकांचे प्रश्न, सदरकाराची उत्तरे

दिवाळीच्या सुमारास काशीयात्रेला निघणाऱ्या वाचकांची पत्रे दरवर्षी येतात. त्यांत बहुतेक विचारणा दर्शनाची, निवासाची आणि रेल्वेच्या आरक्षणाची असते. या वेळी मात्र गंगेतील नौकाविहाराविषयीच इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि काही पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मार्गशीर्षात दोन दिवसांसाठी काशीला जात आहोत. दर्शन, गंगास्नान आणि एक नौकाविहार एवढाच वेळ हाती आहे. नौकाविहार पहाटेचा करावा की संध्याकाळच्या आरतीच्या वेळचा? नाव कोणत्या घाटावरून घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एकच करणे शक्य असेल तर पहाटेचा करावा, आणि याचे कारण काशीच्या भूगोलात आहे. एरवी पूर्वेकडे वाहणारी गंगा काशीपाशी वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्या वळणाच्या पश्चिमेकडील उंच काठावर अस्सीपासून आदिकेशवापर्यंत सहा-सात किलोमीटर लांबीची, चौऱ्याऐंशी म्हणून सांगितली जाणारी घाटांची रांग उभी आहे. समोरचा पूर्वेचा काठ सखल आणि वाळूचा असून दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, म्हणून तेथे शहर वाढले नाही. परिणामी सूर्य मोकळ्या वाळवंटावर उगवतो आणि त्याचे पहिले ऊन मध्ये काहीही आड न येता थेट घाटांवर पडते. घाटांचे बहुतेक बांधकाम चुनारच्या वालुकाश्माचे आहे. ढगाळ हवेत मळकट वाटणारा हा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात केशरी-पिवळा दिसतो आणि पायऱ्या, बुरूज, झरोके, देवळांची शिखरे एकमेकांपासून सुटी होऊन नजरेत भरतात. दुपारनंतर सूर्य इमारतींच्या मागे जातो, तेव्हा तीच रांग सावलीत जाऊन सपाट दिसू लागते.

संध्याकाळी दशाश्वमेधासमोर आरतीसाठी नावा एकमेकींना खेटून उभ्या असतात. पाऊण तासाचा तो सोहळा पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण त्या वेळी नाव ही केवळ पाण्यावरची बैठक असते आणि शहर पाहणे होत नाही. आरती पायऱ्यांवर बसूनही पाहता येते, तेव्हा ती संध्याकाळी तशीच पाहावी आणि नाव सकाळसाठी राखून ठेवावी.

निघावे ते अस्सीवरून, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. तेथे २०१४पासून 'सुबह-ए-बनारस' हा पहाटेच्या आरतीचा आणि शास्त्रीय गायन-वादनाचा कार्यक्रम होतो, त्यामुळे अंधारातही घाट जागा असतो. अस्सीवरून उत्तरेकडे जाताना प्रवाह सोबतीला असतो. वल्ह्याची नाव असेल तर नावाड्याचे श्रम वाचतात आणि नाव संथ चालते. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत दाट धुके पडते व समोरचा काठच काय, शेजारची नावही दिसत नाही. अशा दिवशी पहाटेचा हट्ट सोडून नऊ-दहाच्या सुमारास निघावे. हिवाळ्यात सूर्य बराच वेळ आग्नेयेकडे असतो, त्यामुळे तेव्हाही घाटांवर चांगले ऊन मिळते.

प्रश्न : माझ्या परिचितांनी सांगितले की नावाडी मणिकर्णिकेपर्यंत नेऊन नाव परत वळवतात. त्यापुढे पाहण्यासारखे काही आहे काय? तसेच काशीत मराठ्यांनी बांधलेले घाट नेमके कोणते, आणि ते नावेतून ओळखावेत कसे? नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे असे ऐकून आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : परिचितांचे म्हणणे खरे आहे आणि मराठी यात्रेकरूच्या दृष्टीने त्यातच मोठे नुकसान आहे. अस्सी ते मणिकर्णिका किंवा दशाश्वमेधावरून निघून पुन्हा दशाश्वमेध, अशा ठरलेल्या फेऱ्या आहेत आणि बहुसंख्य प्रवाशांची हौस तेवढ्यात भागते. मराठ्यांच्या बांधकामांची सर्वांत सलग रांग मात्र मणिकर्णिकेला लागून सुरू होते आणि पंचगंगेच्याही पुढे ब्रह्माघाटापर्यंत जाते. दशाश्वमेधापासून पंचगंगेचे अंतर पाण्यातून फार तर दीड किलोमीटर आहे. म्हणून नावेत पाय ठेवण्यापूर्वीच 'ब्रह्माघाटापर्यंत न्यायचे' असे स्पष्ट सांगावे आणि भाडेही त्याच हिशेबाने ठरवावे.

आता अस्सीकडून क्रमाने पाहू. सुरुवातीला तुलसीघाट लागतो, जेथे तुलसीदासांचे वास्तव्य होते. त्याच भागातील भदैनी येथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. ते घाटावरून दिसत नाही, चालत जावे लागते. पुढे चेतसिंह घाटावरचा किल्लेवजा वाडा दिसतो. १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या शिपायांनी वेढा दिला असता राजा चेतसिंह येथूनच, खिडकीतून उतरून, नावेने निसटला. हरिश्चंद्र घाटावर स्मशान आहे. केदार घाटाच्या पायऱ्यांवरील आणि मंदिरावरील पांढरे-तांबडे पट्टे पाहताच हा दाक्षिणात्य वस्तीचा भाग आहे हे कळते.

केदारानंतर थोड्या अंतरावर राजाघाट येतो. त्याचा संबंध राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्याशी आहे. १८०३नंतर ईस्ट इंडिया कंपनीची नेमणूक, म्हणजे तनखा, घेऊन ते उत्तरेत येऊन राहिले, आणि त्यांच्या दानधर्माच्या खुणा काशीत या घाटावर आणि पुढे गणेश घाटावर आहेत. त्यानंतर डावीकडे, मोठे बुरूज आणि खांबांची उंच ओसरी असलेला भव्य दगडी वाडा दिसेल. नावाडी त्याला दरभंगा महाल म्हणून दाखवतात, आणि आज तेथे हॉटेल आहे. हा वाडा मुळात आपल्या नागपूरचा आहे. भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुनशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधवला, म्हणून शेजारच्या घाटाला अजूनही मुनशी घाट म्हणतात. दरभंग्याच्या महाराजांनी तो बऱ्याच नंतर, विसाव्या शतकात विकत घेतला. एवढी माहिती नावाडी आपण होऊन सांगत नाहीत, परंतु विचारले तर मुनशी घाट निश्चित दाखवतात.

लगेच अहिल्याबाई घाट, आणि त्याला लागून शीतला व दशाश्वमेध घाट. दशाश्वमेधाचे पक्के बांधकाम पेशवे आणि अहिल्याबाई यांच्या आश्रयाने झाले. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८०मध्ये उभारले हे सर्वश्रुतच आहे. ज्यांनी महेश्वर पाहिले आहे, त्यांना या पायऱ्यांची ठेवण ओळखीची वाटेल. पुढच्या मानमंदिर घाटावर अंबेरच्या मानसिंहाचा महाल असून त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा आहे. पाण्यातून तिची यंत्रे दिसत नाहीत. दिसतो तो उत्तरेच्या टोकाचा कोरीव झरोका, आणि तो चुकवू नये. ललिता घाटावर नेपाळी पद्धतीचे लाकडी कोरीवकामाचे मंदिर आहे. डिसेंबर २०२१मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामाचे गंगेकडील प्रवेशद्वारही येथेच आहे.

मणिकर्णिकेच्या चिता मागे पडल्या की लगेच पाण्याच्या कडेला, जवळजवळ पाण्यातच, एक कललेले देऊळ दिसते. हे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर. इतर देवळे पायऱ्यांच्या माथ्यावर असताना हे एकच अगदी तळाशी बांधले आहे, त्यामुळे वर्षातील अनेक महिने त्याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो. नाव जवळ न्यायला सांगून पाहावे : शिखर मागच्या बाजूला स्पष्ट झुकलेले दिसते, आणि खांबांवर पुराच्या गाळाचे जुने पट्टे असतात. कोणा पुत्राने आईचे ऋण फेडले म्हणून हे बांधले आणि तसे म्हणताच ते कलंडले, ही कथा प्रत्येक नावाडी सांगतो. ती कथा म्हणूनच ऐकावी. काठाची जमीन भुसभुशीत आहे आणि वर दगडाचा प्रचंड भार आहे, हे कारण शेजारचा घाट पाहिला की पटते. तो शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, म्हणजे कागलच्या घाटग्यांची कन्या, यांनी तो १८३०च्या सुमारास बांधवला. बांधकाम इतके अवजड होते की घाटाचा काही भाग स्वतःच्याच वजनाने खचला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचाच. अहिल्याबाईंचे नाव सर्वांच्या ओठांवर आहे आणि ते योग्यच आहे. बायजाबाईंचे मात्र काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसालाही ठाऊक नसते, याची खंत वाटते.

संकठा घाट ओलांडला की आपण विचारलेला भोसले घाट येतो. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी बांधला. त्याची ओळख सोपी आहे : खालची दगडी भिंत किल्ल्यासारखी भरीव आणि उघड्याबोडक्या पृष्ठाची, आणि वरच्या मजल्यावर मात्र लहान लहान नक्षीदार खिडक्यांची ओळ. पुराचे पाणी जेथपर्यंत चढते तेथपर्यंत खिडकी ठेवायची नाही, हा हिशेब त्यात आहे, आणि तो एकदा लक्षात आला की काशीतील प्रत्येक वाड्याच्या भिंतीवर दिसू लागतो.

पुढे गणेश घाट, वेदपाठशाळेसाठी प्रसिद्ध असलेला रामघाट, ग्वाल्हेरच्या दरबारातील दिवाण जटार यांच्या नावाचा घाट, आणि मग बालाजी घाट. येथील बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून सनईचा रियाज करीत. त्याला लागूनच पंचगंगा घाट. येथील मूळ बिंदुमाधवाचे विशाल मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आज जे बिंदुमाधवाचे मंदिर आहे ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. मशिदीचे दोन उंच मनोरे एकेकाळी काशीची खूण होते आणि लोक त्यांना, नवल म्हणजे, 'माधवराव का धरहरा' (माधवरावाचा मनोरा) म्हणत. १८२०च्या दशकात काशीत टांकसाळीचे अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांच्या चित्रांत ते स्पष्ट दिसतात. त्यांतील एक १९४८मध्ये कोसळला आणि दुसरा धोकादायक म्हणून उतरवला गेला. जुन्या प्रवासवर्णनांत मनोऱ्यांवर चढून शहर पाहण्याचा सल्ला आढळेल, पण आता ते शोधू नयेत.

शेवटी दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. पेशवाईत काशीला येऊन राहिलेले नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने हे घाट बांधले गेले, आणि वरच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती झाली. ती अजून आहे आणि तिचा गणेशोत्सवही आहे. शक्य असल्यास येथे नाव सोडून द्यावी आणि गल्ल्यांतून चालत परतावे.

या सगळ्या बांधकामाबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशव्यांना काशी आपल्या ताब्यात हवी होती आणि त्यासाठी प्रयत्नही झाले. पण काशीवर अवधच्या नवाबाचा आणि १७७५नंतर कंपनीचा अंमल राहिला. आपला एक शिपाई जेथे तैनात नाही अशा मुलखात शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे यांनी तीन-चार पिढ्या पैसा ओतला. दरबारी राजकारणात एकमेकांशी न पटणारी ही घराणी येथे मात्र एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी आहेत, आणि हे जमिनीवरून, गल्लीच्या अंधारातून, कधीच एकत्र दिसत नाही. त्यासाठीच नावेतून जायचे.

प्रश्न : सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत आणि आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे. वल्ह्याची नाव, मोटरबोट आणि हल्लीची मोठी क्रूझ यांपैकी काय निवडावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्हींतून दिसणारी काशी वेगवेगळी आहे. वल्ह्याची नाव काठाला धरून चालते. प्रवाहाविरुद्ध येताना तर नावाडी ती मुद्दाम काठाच्या अगदी जवळून आणतो, कारण तेथे पाण्याचा जोर कमी असतो. त्यामुळे पायऱ्यांवर कपडे आपटणारे धोबी, छत्रीखाली बसलेले घाटिये म्हणजे घाटावरचे पुरोहित, तालमीचे पोरगे हे सर्व हाकेच्या अंतरावर दिसते आणि आवाज फक्त पाण्याचा असतो. मोटरबोट वेळ वाचवते. पूर्वीच्या डिझेल इंजिनांच्या धुराने आणि खडखडाटाने जीव नकोसा होई. आता बऱ्याच नावा सीएनजीवर चालतात आणि त्यासाठी गंगेतच गॅस भरण्याचे तरंगते केंद्र आहे, तेव्हा धुराचा त्रास कमी झाला आहे, आवाजाचा मात्र फारसा कमी झालेला नाही. क्रूझमध्ये वातानुकूलित कक्ष, वरची गच्ची, स्वच्छतागृह आणि ठरलेली वेळ मिळते. पण ती पात्राच्या मध्यातून जाते, आणि रत्नेश्वरासारखे देऊळ तिच्यातून बोटाएवढे दिसते.

आईंच्या दृष्टीने खरा प्रश्न नावेचा नसून पायऱ्यांचा आहे. हिवाळ्यात पाणी खाली गेले की दशाश्वमेध किंवा केदार घाटावर बऱ्याच उंच पायऱ्या उतराव्या लागतात आणि शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. अस्सीच्या दक्षिणेस रविदास घाटावर क्रूझसाठी धक्का आहे. दुसऱ्या टोकाला, राजघाटच्या पुलाजवळ, पूर्वीच्या खिडकिया घाटाचे नमो घाट म्हणून नूतनीकरण झाले आहे, आणि तेथे उताराचे मार्ग असल्यामुळे वाहनातून उतरून पाण्यापर्यंत पोचणे सोपे पडते. माझे मत विचाराल तर नमो घाटावरून मोटरबोट घ्यावी आणि प्रवाहाविरुद्ध पंचगंगा, भोसले, शिंदे, मणिकर्णिका असे दशाश्वमेधापर्यंत जाऊन परत यावे. वर वर्णन केलेला मराठी भाग आधी पदरात पडेल, आणि आई-वडील थकल्यास मध्येच वळता येईल. नाव कोणतीही असो, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि ते नीट बांधावे. ते अंगाखाली घेऊन बसण्याची प्रथा मोडायला हवी.

प्रश्न : मागच्या वर्षी आम्हांला एका नावाड्याने माणशी दर सांगितला आणि उतरताना तो 'केवळ जाण्याचा' असल्याचे सांगून दुप्पट पैसे घेतले. अशी फसवणूक टाळावी कशी?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : चार गोष्टी आधी बोलून घ्याव्यात : दर माणशी की संपूर्ण नावेचा, जाण्याचा की जाऊन-येऊन, कोणत्या घाटापर्यंत, आणि किती वेळ. नावांना महापालिकेचा परवाना लागतो. नावेवरचा क्रमांक पाहून ठेवावा, म्हणजे तक्रारीची वेळ आल्यास दशाश्वमेधावरील जलपोलिसांना तो सांगता येतो. घाटावर पाऊल ठेवताच मागे लागणारा माणूस अनेकदा दलाल असतो. त्याला टाळून थेट नावेवर बसलेल्या माणसाशी बोलावे.

दुसरी बाजूही लिहायला हवी. येथील नावाडी निषाद किंवा मल्लाह समाजाचे आहेत आणि कोणी कोणत्या घाटावरून प्रवासी घ्यावेत याचे पिढीजात हक्क आहेत. म्हणूनच एका घाटावर सोडलेला नावाडी तेथून दुसरे प्रवासी घेऊ शकत नाही आणि रिकामा परततो; परतीचे पैसे मागण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मोठ्या क्रूझ सुरू झाल्या तेव्हा या समाजाने विरोध केला होता आणि तो अकारण नव्हता. आपल्याला आलेला अनुभव मात्र सरळ लबाडीचा आहे, आणि त्याचे समर्थन करता येणार नाही.

प्रश्न : पंचतीर्थी यात्रा नावेतून करता येते काय? क्रम कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करता येते, आणि अनेक यात्रेकरू करतात. परंपरेने सांगितलेला क्रम अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका असा आहे. लक्षात येईल की हा क्रम सरळ रेषेत नाही. दशाश्वमेधानंतर मणिकर्णिका व पंचगंगा ओलांडून थेट गंगा व वरुणा नद्यांच्या संगमावरील आदिकेशवापर्यंत जायचे, आणि मग प्रवाहाविरुद्ध परत येत उरलेली दोन तीर्थे करायची. वल्ह्याच्या नावेला हा परतीचा पल्ला जड जातो, म्हणून येथे मोटरची नाव घेणे व्यवहार्य ठरते. आदिकेशव राजघाटच्या पुलापलीकडे आहे. १८८७मध्ये खुल्या झालेल्या, आज मालवीय पूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दुमजली पुलाखालून नाव जाते, आणि खाली रेल्वे तर वर मोटारी हे दृश्य मुलांना तीर्थांइतकेच आवडते. प्रत्येक ठिकाणी स्नान करायचे असेल तर संपूर्ण सकाळ मोकळी ठेवावी. केवळ मार्जनाने, म्हणजे अंगावर पाणी शिंपडून, भागवणार असाल तर वेळ बराच कमी लागेल. संकल्प सांगणारे गुरुजी पहिल्याच घाटावर सोबत घ्यावेत.

प्रश्न : मणिकर्णिकेची छायाचित्रे नावेतून काढली तर चालते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. चिता जळत असताना कोणाचे तरी आप्त पायऱ्यांवर उभे असतात. नाव पन्नास हातांवर आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. 'पैसे दिल्यास परवानगी मिळवून देतो' असे सांगणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

प्रश्न : काशीची देवदिवाळी नावेतून पाहण्याची इच्छा आहे. तिथी कोणती आणि नाव किती आधी ठरवावी?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : तिथीबाबत सावध राहावे. आपल्याकडे कोकणात देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला मानतात; काशीची देवदिवाळी त्याआधी, कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री असते. आपल्या पंचांगातील 'देवदिवाळी' हा शब्द पाहून तिकिटे काढल्यास सोहळा होऊन गेलेला असेल.

त्या रात्री सर्व घाटांवर पणत्यांच्या ओळी लागतात. आज या उत्सवाला मिळालेले मोठे रूप गेल्या काही दशकांतले असून त्याची सुरुवात पंचगंगा घाटावरून झाली. तेथे अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा हजारा दीपस्तंभ आहे. आपल्या देवळांपुढच्या दीपमाळेसारखाच, दगडातून दिवे ठेवण्यासाठी पुढे आलेल्या हातांचा. कार्तिकभर याच घाटावर बांबूच्या उंच काठ्यांना आकाशदिवे टांगलेले असतात.

मात्र प्रथमच काशीला जाणाऱ्याने हा मुहूर्त निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्रात इतक्या नावा उतरतात की पुढे सरकणे अवघड होते. भाडी अनेकपटींनी वाढतात आणि नाव महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते. जायचेच असेल तर दशाश्वमेधासमोरची जागा मागू नये. पंचगंगेच्या बाजूची नाव मागावी, म्हणजे जेथून हे सुरू झाले तो घाट जवळून पाहता येईल. आणखी एक पर्याय सुचवतो. पौर्णिमेच्या आठवडाभर आधी जावे; आकाशदिवे तेव्हाही असतात, गर्दी तुलनेने कमी असते आणि हवा उत्तम असते. पाण्यात दिवे सोडताना पानांचा द्रोण घ्यावा, थर्मोकोलचा घेऊ नये. थंडीत येणाऱ्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांना शेव टाकण्याचीही टूम आहे. छायाचित्र चांगले येते हे खरे, परंतु तळलेली शेव हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे.

प्रश्न : वाराणसी ते दिब्रुगढ अशी महिना-दीड महिन्याची नदीसफर असल्याचे वाचले. काशीचे घाट पाहण्यासाठी ती घ्यावी का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : काशीसाठी नको. 'गंगा विलास' या नौकेची ती सफर असून १३ जानेवारी २०२३ रोजी तिचा प्रारंभ झाला. छत्तीस प्रवासी, एक्कावन्न दिवस आणि बांगलादेशातून आसामपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर असे तिचे स्वरूप आहे. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६मध्येच राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला होता. त्यावर प्रवासी नेण्याचा हा एक महागडा प्रकार आहे. त्या सफरीत काशी हे केवळ प्रस्थानाचे ठिकाण आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर श्रावणात काशीला जाण्याचे ठरवले आहे. तेव्हा नावा चालतात काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : भरवसा धरू नये. जुलैपासून पाणी चढू लागते, घाटांमधील पायवाट बुडते आणि एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने जाता येत नाही. राजघाटच्या मापनस्थानी ७०.२६२ मीटर ही इशारा पातळी आणि ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी मानतात. आजवरची सर्वोच्च नोंद सप्टेंबर १९७८मधील ७३.९०१ मीटरची आहे. परंतु नावांवरील बंदी या पातळ्यांची वाट पाहत नाही. प्रवाहाचा वेग वाढला की प्रशासन आधी लहान आणि मग सर्व नावा थांबवते, आणि ती बंदी कधी कधी अनेक आठवडे टिकते. मोठ्या पुरात आरती इमारतींच्या गच्चीवर करतात आणि मणिकर्णिकेचे अंत्यसंस्कारही वरच्या चौथऱ्यांवर हलवावे लागतात. बंदी असताना 'कोपऱ्यावरून हळूच नेतो' म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या नावेत बसू नये.

श्रावणाचा हेतू विश्वनाथाच्या दर्शनाचा असेल तर अवश्य जावे, मात्र सोमवार टाळल्यास गर्दी थोडी कमी लागेल. नावेचे मनात असेल तर आश्विनातील नवरात्रानंतर पाणी उतरू लागते, घाटांवरचा गाळ पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढण्याचे काम चालू होते आणि नावा पुन्हा सुटतात. तेव्हापासून फाल्गुनापर्यंतचा कोणताही पंधरवडा, धुक्याचे दिवस वगळून, आपल्याला सोयीचा पडेल. चैत्रानंतर सकाळी आठलाच ऊन असह्य होते आणि पाणी इतके खाली जाते की पूर्वेच्या वाळवंटाचा पट्टा पात्राच्या मध्यापर्यंत पुढे आलेला दिसतो.